ओवी नाही, ओनी

घनसावंगीत आमचं घर आणि मावशींचं घर यांच्यामध्ये कुंपण आहे, असं आपलं म्हणायचं. पाच तारा, त्यांवर चढलेला गुळवेल आणि मधोमध एक भोक. त्या भोकातून विरजणाची वाटी, मेथीची जुडी आणि गावच्या बातम्या रोज इकडून तिकडं जातात. सर्वपित्री अमावस्या दोन दिवसांवर आली होती. मावशी पलीकडं गवारीच्या शेंगा मोडत बसल्या होत्या, मी इकडं कपडे वाळत घालत होते.

“बाई, तुम्ही एवढी वर्सं शाळेत पोरं शिकवली. मला एक सांगा, ओनी म्हंजे काय?”

मला ‘ओवी’ ऐकू आलं. म्हटलं, “मावशी, ते मी तुम्हाला विचारायचं. जात्यावर तुम्ही म्हटल्या असतील तेवढ्या मी ऐकल्याही नाहीत.”

“ओवी न्हाई वं. ओनी! माझा नातू रातच्याला मोबाईलमंदी तेच बगायलाय. शिंगं काय, सुळे काय, माणसं खायलेत. म्हणलं, अमावस्या तोंडावर आली, आन् हे असलं अभद्र कशाला बगायलास? तर म्हणतो, आज्जी, हे जपानचे राक्षस हायेत, आपल्याकडं येत न्हाईत.”

नातू दारातच उभा होता. त्यानं मला सगळं समजावून दिलं. ‘डीमन स्लेयर’ नावाची जपानी चित्रकथा, २०१६ ते २०२० अशी चार वर्षं साप्ताहिकातून चालली, मग तिची मालिका झाली, सिनेमे झाले. तांजिरो नावाचा कोळसे विकणारा पोरगा एक दिवस घरी येतो, तर ओनीनं सगळं घर मारून टाकलेलं. एक बहीण तेवढी वाचलेली, पण तीही ओनी झालेली. तिनं कुणाला चावू नये म्हणून तोंडात बांबूचं कांडकं, आणि भाऊ तिला लाकडी पेटीत बसवून, पेटी पाठीवर घेऊन गावोगाव फिरतो. तिला पुन्हा माणूस करायचं म्हणून.

मावशींचा हात शेंगांवर थांबला. “बहीण राक्षसीण झाली तरी टाकली न्हाई?”

“न्हाई टाकली.”

“मंग बग. चांगलं हाय ते. ह्याला म्हणावं भाऊ.” आणि माझ्याकडं वळून, आवाज बारीक करून, “न्हाई तर आमचे. वाटणीच्या कागदावर सही होईस्तवर ताई, ताई. मंग रक्षाबंधनालासुदिक फोन न्हाई.”

इथं मावशींच्या भावांवर दहा मिनिटं गेली. ती मी गाळते.

ओनीची ओळख मी मावशींना माझ्या पद्धतीनं करून दिली. हा जपानचा राक्षस लाल नाहीतर निळ्या अंगाचा, डोक्याला बैलाची शिंगं, कमरेला वाघाचं कातडं आणि हातात लोखंडी खिळ्यांचा सोटा. बैल आणि वाघच का, याचं तिकडं दिलं जाणारं उत्तर गंमतीचं आहे. जुन्या जपानात दिशांना प्राण्यांची नावं होती. ईशान्य दिशा बैल आणि वाघ यांच्या मधोमध पडते आणि वाईट ते सगळं त्याच कोपऱ्यातून आत शिरतं, अशी समजूत. त्या कोपऱ्याला ते ‘किमोन’ म्हणतात, म्हणजे ओनीचं दार. क्योटो ७९४ साली राजधानी झालं. त्याच्या ईशान्येला हिएई डोंगरावर जे मोठं बौद्ध देवस्थान आहे ते शहराची राखण करतं, असं मानत आले.

“ईशान्येला?” मावशी उठून उभ्याच राहिल्या. “अवं, आपलं देवघर ईशान्येला असतंय! मिस्त्रीनं सांगितलं म्हून मी सैपाकघराची भिंत पाडून देव तिकडं नेले. पंधरा हजार गेले माझे.”

मी म्हटलं, “मावशी, वाऱ्याला काय ठाऊक कुठली दिशा कुणाची. तिकडं राक्षस येतो त्याच दारानं आपल्याकडं देव येतो.” त्यांचं समाधान झालं नाही. पंधरा हजारांचा प्रश्न होता.

मग सोयाबीन निघालं. निघणारच होतं. आपल्याकडं त्या दिवसांत दुसरा विषय कुठं असतो? जपानात फेब्रुवारीच्या सुरुवातीला ‘सेत्सुबुन’ नावाचा सण येतो, बहुधा ३ तारखेला. घरातलं कुणीतरी ओनीचा मुखवटा घालतं आणि पोरं त्याला भाजलेलं सोयाबीन फेकून मारतात. “ओनी बाहेर, भाग्य आत” असं ओरडत. मग आपल्या वयाएवढे दाणे मोजून खायचे.

“सोयाबीन फेकतेत?” मावशींनी कपाळावर हात मारला. “भाव काय म्हणायचा तिकडं? हितं हमीभावानं कुणी घेईना, ओलावा जास्त, माती जास्त. आन् ते राक्षसाला मारायलेत! माझ्या वयाचे दाणे खायचे म्हणलं तर पायलीभर लागतील.”

फेकायची रीत आपल्याला नवी नाही, हे त्यांचं त्यांनाच आठवलं. दिवाळीच्या पाडव्याला पहाटे त्या स्वतः घरातला केर काढून, लाटण्यानं ताट बडवत, इडापिडा जावो आणि बळीचं राज्य येवो म्हणत उकिरड्यापर्यंत जातात. कुंपणाच्या अलीकडं माझी झोप मोडते, म्हणून मला ते चांगलं ठाऊक आहे. होळीला पोरं बोंब मारतात तीही पुराणातल्या ढुंढा राक्षसिणीला पळवायची रीत. लेकरांना छळणाऱ्या त्या बाईला कुठलंच शस्त्र लागत नव्हतं, पण पोरांच्या आरडाओरड्यापुढं तिचं काही चालेना. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत काढतात, ती तर राक्षसिणीची मिरवणूकच. फरक एवढाच की आपण राक्षसाला हाकलताना ज्या बळीचं राज्य मागतो तो बळीही असुरच. हा गुंता जपानी माणसाला समजावून सांगायचा तर एक कुंपण पुरायचं नाही.

पण त्यालाही समजेल कदाचित. योशिनो नावाच्या डोंगरावर किंपुसेन-जी म्हणून मंदिर आहे. तिथं सेत्सुबुनला ओरडतात, “भाग्य आत, ओनीही आत.” सगळ्या देशानं हाकललेले ओनी बिचारे जाणार कुठं, म्हणून तिथं त्यांना बोलावून घेतात. त्या डोंगरावर एन नो ग्योजा नावाचा तपस्वी होऊन गेला, झेन्की आणि गोकी नावाचं ओनीचं जोडपं त्याच्या चाकरीला होतं, अशी कथा आहे.

“बायकूसकट?” मावशी म्हणाल्या. “मंग त्यो राक्षस न्हाई. संसारी माणूस हाय.”

आता मी जरा मास्तरीण झाले, त्याला इलाज नाही. मावशींना म्हटलं, तुमचा नातू म्हणतो हे जपानचे राक्षस, आपल्याकडं येत नाहीत. येत नसतील, पण बरेचसे गेलेत आपल्याकडूनच. बौद्ध धर्म इकडून चीनमार्गे तिकडं गेला, त्याच्या गाठोड्यात आपली भुतंखेतंही गेली. जपानीत राक्षसाला ‘रासेत्सु’ म्हणतात, यक्षाला ‘याशा’, असुराला ‘आशुरा’. यमाचा झाला ‘एन्मा’, त्याच्या दरबारात ओनी शिपाई. बुद्धाला भुलवायला आलेला मार तिकडं नुसता ‘मा’ उरला, आणि सैतानी अशा अर्थाच्या कितीतरी शब्दांत जाऊन बसला. ओनी हा शब्द मात्र त्यांचा घरचा. त्यांच्याकडं दहाव्या शतकातला एक जुना कोश आहे, त्यात ओनीचं मूळ ‘लपलेला’ या अर्थाच्या शब्दात दिलंय. ज्याला आपलं रूप दाखवायचं नाही, तो ओनी. शिंगं, सुळे, कातडं हे सगळं मागाहून चित्रकारांनी चढवलं.

“म्हंजे आपलं ‘बाहेरचं’,” मावशी सहज म्हणाल्या.

मला हे सुचलं नव्हतं. आपण भुताचं नावच घेत नाही. ‘त्याला बाहेरचं झालंय’, ‘तिला बाहेरचं लागलं’ एवढंच म्हणतो. तिकडं लपलेला, इकडं बाहेरचा.

या जाण्यायेण्यातली माझी सगळ्यात आवडती बाई म्हणजे हारीती. तिची गाठ पडायला जपानला जावं लागत नाही, अजिंठ्याला गेलं तरी पुरतं. शाळेची सहल घेऊन किती वेळा गेले असेन. २ नंबरच्या लेण्यात मुख्य गाभाऱ्याच्या उजव्या हाताला एक छोटी देवळी आहे. तिथं ती नवऱ्याशेजारी, पांचिकाशेजारी, मांडीवर लेकरू घेऊन बसलीय. ही यक्षिणी लोकांची पोरं पळवून खायची. तिला स्वतःला शेकड्यांनी मुलं. बुद्धानं काय केलं, तर तिचं सगळ्यात धाकटं पोर आपल्या भिक्षापात्राखाली लपवलं. ती जग धुंडाळून, रडून, दमून त्याच्याकडं आली. तो म्हणाला, एवढ्यातलं एक गेलं तर तुझं हे झालं. ज्यांना एकच होतं त्यांचं काय झालं असेल? त्या दिवसापासून ती लेकरांची राखण करायला लागली. त्या देवळीत खाली पोरांची शाळा कोरलीय. मास्तराच्या हातात छडी आहे, पुढची पोरं अभ्यास करतायत, मागची खेळतायत. आमची सहलीची पोरं तिथं हमखास हसायची.

तीच हारीती जपानात ‘किशिमोजिन’ झाली. टोकियोत झोशिगाया भागात तिचं देऊळ आहे, बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून बायका तिला नवस बोलतात. तिच्या नावातलं पहिलं अक्षर ओनीचंच. पण त्या देवळात ते अक्षर लिहिताना वरची एक छोटी रेघ गाळतात. ती रेघ म्हणजे शिंग, असं समजून. बाई सुधारली, तिचं शिंग काढलं.

मावशी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “आमच्या म्हसोबाचं कुणी काढलं का शिंग?”

मला हसू आलं, पण प्रश्न नेमका होता. मावशींची कुलस्वामिनी तुळजाभवानी. तिनं महिषासुराला मारलं. आणि मावशींच्याच शेताच्या बांधावर शेंदूर लावलेला म्हसोबा आहे, त्याला पेरणीच्या आधी नारळ फुटतो. दामोदर कोसंबी यांनी ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ या १९६२च्या पुस्तकात या म्हसोबाचा माग काढलाय, गावोगाव फिरून. मारणारी देवी आणि मार खाणारा रेडा, दोघंही एकाच घरात पुजले जातात, त्याचं घरात कुणालाच काही वाटत नाही. त्याच्याही आधी, १८७३ साली, जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’त सगळाच डाव उलटा मांडला होता. म्हसोबा म्हणजे बळीच्या राज्यातला ‘महासुभा’, मोठ्या सुभ्याचा कारभारी. आणि राक्षस म्हणजे रक्षण करणारे, जिंकणाऱ्यांनी त्यांना बदनाम केलं. महासुभ्याची व्युत्पत्ती भाषापंडितांना पटेल असं नाही, मलाही पटत नाही. पण राक्षस आणि रक्षण यांचा धागा रामायणालाही ठाऊक आहे. उत्तरकांडात ब्रह्मदेव पाणी निर्माण करतो आणि ‘हे राखा’ म्हणतो. जे ‘राखतो’ म्हणाले ते राक्षस झाले. कोकणात वेशीवरच्या देवाला राखणदारच म्हणतात. आरवलीच्या वेतोबाला तर चामड्याची मोठमोठी पायताणं वाहतात, रात्री गावाभोवती गस्त घालून त्यांचे तळ झिजतात, अशी तिथं श्रद्धा आहे. वेतोबा म्हणजे वेताळ, भुतांचा राजा. त्याला पगारी नाही तरी नोकरीत घेतलंय गावानं.

तेवढ्यात नातवानं मध्येच सांगितलं, की जपानात ‘काप्पा’ नावाचं पाण्यातलं भूत असतं, डोक्यावर वाटीएवढ्या खळग्यात पाणी, ते सांडलं की त्याची शक्ती जाते. म्हणून काप्पा दिसला की वाकून नमस्कार करायचा. तोही उलट वाकतो, आणि पाणी सांडतं.

“लई संस्काराचं भूत हाय,” मावशी म्हणाल्या. “आमच्या हिरीवरच्या साती आसरा नमस्कारानं न्हाई भागत. हिरवा चोळखण लागतो.”

आपल्या भुतांची यादी काढायला बसलं, की ती गावाच्या खानेसुमारीसारखी दिसायला लागते. मुंज होऊन लग्नाआधी मेला तो मुंजा, पिंपळावर. त्याच्यावर २०२४ साली सिनेमा येऊन तो मुंबईतही पोचला. वारस न ठेवता मेला तो समंध, आपल्याच जमिनीवर पहारा देत. मुसलमान मेला तर खवीस. सवाष्ण गेली तर जखीण, विधवा गेली तर लावसट, बाळंतपणात गेली तर हडळ. मेल्यावरही जात सुटत नाही आणि बाईचं कुंकू तर मसणातही मोजतात. ब्रिटिश अंमलात याच याद्या साहेबांनी गावच्या मास्तरांकडून लिहून घेतल्या. माझ्या पेशाची ती एक जुनी कामगिरीच म्हणायची.

हडळीचं नाव निघालं आणि मावशींनी गवारीची टोपली बाजूला सारली.

त्यांच्या सासूची धाकटी जाऊ. ७२चा दुष्काळ. दिवस भरलेले, रस्ता नाही, बैलगाडीत घालून नेत होते. ओढ्यापलीकडच्या चिंचेपाशी गाडीतच गेली, लेकरूही गेलं. पुढं चाळीस वर्षं त्या चिंचेखालून दिवेलागणीनंतर कुणी आलं नाही. तिचे पाय उलटे दिसतात म्हणायचे. पाठ पोकळ दिसते म्हणायचे. मावशी नव्या नवरी होत्या तेव्हा सासूनं पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, त्या वाटेनं जायचं नाही.

मी त्यांना सांगितलं, जपानात तिला ‘उबुमे’ म्हणतात. बाळंतपणात गेलेली बाई, कमरेखाली रक्तानं भिजलेली. रात्री रस्त्यात उभी राहते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणते, जरा माझं लेकरू धरा. धरलं की ते जड होत जातं. पण जो ते टाकत नाही त्याचं भलं होतं, असंही सांगतात.

“धरा म्हणती?”

“हो.”

“आमची कुणाला काही म्हणली न्हाई कधी.” मावशींनी पदरानं तोंड पुसलं. “पाय उलटे का असतेत, मला वाटतंय, मी सांगू? पुढं न्यायलेत तिला, पण तिचे पाय घराकडं हायेत. घरी लेकराचा पाळणा बांधला होता.” मग एकदम रागानं, “हडळ म्हणले तिला सगळे. डागदराकडं येळंवर न्हेली न्हाई, ते कुणी म्हणलं न्हाई.”

त्या ओढ्यावर आता पूल आहे. चिंच रस्तारुंदीत गेली.

अशा भुताचं जपानी लोक काय करतात, हेही मग सांगावं लागलं. सुगावारा नो मिचिझाने नावाचा मोठा विद्वान दरबारी होता. खोट्या आरोपावरून त्याला राजधानीतून दूर पाठवलं, तिथंच ९०३ साली तो गेला. मागून त्याच्या विरोधकांच्या घरात मरणं झाली, ९३० साली राजवाड्यावर वीज पडली. लोक म्हणाले, हा त्याचाच कोप. मग त्याला सगळे मानसन्मान परत दिले, क्योटोत देऊळ बांधलं आणि देव केलं. आज जपानची पोरं परीक्षेच्या आधी त्याच्याच पाया पडतात. आपल्याकडं पिंपळाखालच्या मुंजाबाला नारळ देतात, घरातल्या वीराचा टाक करून देवघरात बसवतात, ती रीत यापेक्षा फार वेगळी नाही. ज्याचं देणं राहिलं त्याला जागा द्यायची. फक्त पुरुषांना ती लवकर मिळते, एवढं माझं निरीक्षण. मावशींच्या देवघरात वीराचे दोन टाक आहेत. चिंचेवरच्या बाईचा एकही नाही.

“भगताला इचारलं होतं सासूनं,” मावशी म्हणाल्या. “त्यानं कोंबडं आन् पैसे सांगितले. दुसऱ्या एका सुनेला अंगात आलं तर चाबकानं मारलं होतं त्यानं.” मी म्हटलं, आता तसं मारलं तर तुरुंग आहे. २०१३ साली कायदा झाला, डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी अठरा वर्षं खस्ता खाल्ल्या आणि त्याच वर्षी, २० ऑगस्टला, पुण्यात त्यांचा खून झाला. त्या कायद्यात सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आणि दंड आहे. मावशींना दाभोलकर ठाऊक होते. “टीव्हीवर दाखवलं होतं. सकाळच्याला फिरायला गेले होते ना?”

कुंपणाला लागून, मावशींच्या बाजूला, त्यांचं जुनं जातं पडलं होतं. घरी गिरणी आली तेव्हापासून बाहेर. खालची तळी मातीत रुतलेली, वरचीवर कोंबडी बसते, खुंटा कधीच गेला. नातवाचं लक्ष तिकडं गेलं.

“आज्जी, जपानमध्ये वस्तूंचंपण भूत होतं. शंभर वर्षं झाली, की छत्री, चप्पल, भांडं, सगळं जिवंत होतं.”

खरंच आहे ते. ‘त्सुकुमोगामी’ म्हणतात. जुनी गोष्ट अशी, की वर्षाच्या शेवटी घरं झाडताना लोकांनी जुनी भांडीकुंडी रस्त्यावर फेकली. इतकी वर्षं राबलो, आणि हे असं? म्हणून त्या वस्तू चिडल्या, ओनी झाल्या आणि गावाला छळायला लागल्या. एका पायाची, एका डोळ्याची, जीभ बाहेर काढलेली छत्रीही चित्रांतून फार दिसते. १७७६ साली तोरियामा सेकिएन नावाच्या चित्रकारानं तिकडच्या नाना तऱ्हेच्या भुतांची चित्रं काढून पुस्तकच छापलं.

मावशींनी जात्याकडं बघितलं. “ह्याला किती झाली असतील? माझ्या आजेसासूनं आणलं होतं म्हणतेत, माहेराहून. बैलगाडीत.”

“शंभर भरली असतील, मावशी.”

“उगं काही बोलू नका अमावस्येच्या तोंडावर.” त्या उठल्या, टोपली काखेला मारली. “आन् भूत पळवायचं स्तोत्र आपल्याच तालुक्यातलं हाय म्हणावं त्या जपानवाल्यांना. जांबचे समर्थ. रोज संध्याकाळी म्हणती मी.” हे मात्र खरं. रामदासांचा जन्म जांबचा, १६०८चा, आणि त्यांच्या मारुतिस्तोत्राच्या फलश्रुतीत समंधाचं नावानिशी खातं काढलेलं आहे.

परवा अमावस्येला सकाळी कावळ्यासाठी पान ठेवायला मी मागं गेले. कुंपणापाशी मातीत वाटोळा ओला खड्डा होता. जातं मावशींच्या ओट्यावर होतं, धुतलेलं, हळदीकुंकू लावलेलं. त्याच्याशेजारी दोन पानं वाढलेली होती. दरवर्षी एकच असतं.